सजीव आपल्या अंगात खनिज कसं तयार करतात? त्यावरून नवीन मटेरियल खरंच बनतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दहावीत आहे, शिंपले-हाडं कशी बनतात ह्याचं त्याला वेड आहे, आणि क्लासचे सर म्हणले "शेवटी सगळं कॅल्शियमच, त्यात काय शिकायचं". हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण हेच मी नववीत ऐकलंय.

आमचं गाव गंगाखेडजवळ, गोदाकाठी. आजीकडं नदीतली एक शिंप होती, पाठ दगडावर घासून मधोमध भोक पाडलेली, भोकाला धार, कैरी तिनंच सोलायची. शहाबादी फरशीवर कितीदा तरी पडली असेल, एकदाच कडेचा नखाएवढा टवका उडाला, बस. आणि सरांनी वर्गात खडू वर धरून सांगितलं की शिंपला आन खडू एकच, कॅल्शियम कार्बोनेट. मी उठून विचारलं, सर मग खडू पडला की तुकडे होतात, शिंप कामून फुटत नाही? "लई शहाणा झाला का" म्हणले आणि तास संपेपर्यंत उभं केलं. पोरं हसत होती. आणि फळ्याचा खडू बहुतेक जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) असतो, म्हणजे उदाहरणसुद्धा चूकच होतं.

तो टवका मी कंपासपेटीत जपून ठेवला होता. पुढं मटेरियल सायन्सला एमटेक करताना सोन्याचा पातळ थर देऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातला तर स्क्रीनवर अक्षरशः वीटकाम दिसलं, ॲरागोनाइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका स्फटिकाच्या, चपट्या विटा, जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, एकावर एक सांधे चुकवून रचलेल्या. वजनात ९५ टक्के खनिज, बाकी प्रोटीन आणि कायटिन (किड्यांच्या कवचात असतं तो चिवट पदार्थ), पण सगळी करामत त्या पाच टक्क्यांत आहे. प्राण्याच्या अंगावरचा मऊ पडदा पाण्यातलं कॅल्शियम ओढतो, प्रोटीन-कायटिनचा साचा आधी मांडतो आणि स्फटिक कुठं वाढायचा, कुठं थांबायचा हे तो साचा ठरवतो. तडा गेलाच तर सरळ जाता येत नाही, प्रत्येक विटेला वळसा घालावा लागतो, मधला चिकट थर ताणला जातो. म्हणून नुसत्या ॲरागोनाइटपेक्षा शिंपल्याच्या आतला हा चमकदार मोत्याचा थर तोडायला सुमारे ३००० पट ऊर्जा लागते असं सांगतात. नुसतं ॲरागोनाइट काय आन शिंप काय, रसायन जवळजवळ एकच, रचना वेगळी. नववीतल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

आणि हे पाण्यातल्या प्राण्यांतच चालतं असं नाही. ज्वारीचं पातं उलटं ओढलं की बोट चिरतं ना? झाड पाण्याबरोबर जमिनीतली विरघळलेली सिलिका (वाळू आणि काच जिची असते ती) घेतं आणि पेशींमध्ये तिची काचेसारखी ओपल करतं. आपल्याला काचेला भट्टी लागते, ज्वारी तेच काम भर शेतात करती.

नवीन मटेरियलचं म्हणाल तर २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी शिंपल्याच्या ह्याच वीटकामाची नक्कल केली: ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) पूड पाण्यात कालवून ते पाणी गोठवलं, बर्फाच्या पात्यांमुळं पुडीचे थर लागले, बर्फ काढून मध्ये ॲक्रिलिक भरलं, आणि ते दोन्ही मूळ पदार्थांपेक्षा कितीतरी चिवट निघालं. २०२० मध्ये बंगळुरूच्या आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) आणि इस्रोनं चंद्रावरच्या मातीसारख्या पुडीत स्पोरोसार्सिना पाश्चुराय हा बॅक्टेरिया, युरिया, कॅल्शियम आणि गवारीचा डिंक घालून विटेसारखे ठोकळे बनवले. बॅक्टेरिया युरिया फोडतो, त्यातून कार्बोनेट येतं, कॅल्शियमशी जुळून कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचाच दुसरा स्फटिक) होतं आणि कण चिकटतात. युरिया आन गवार, आपल्या बांधावरच्या वस्तू!

मुलाला वर्गात प्रश्न विचारू द्या. सर गप बसवत असतील तर तुम्ही स्वतः जाऊन बोला, माझे वडील गेले नाहीत, मास्तर म्हणतात तेच बरोबर असं म्हणले, आणि दहावी होईपर्यंत मी एकदाही हात वर केला नाही. तो क्लास बदलावा असंच माझं मत आहे.

हां, एक सांगायचं राहिलं, युरियाच्या ह्या पद्धतीत अमोनिया सुटतो, त्यामुळं उद्या घरं अशी बांधतील असं त्याला सांगू नका. शिंपल्यासारखं साध्या पाण्यात, साध्या तापमानात, इतकं नेटकं वीटकाम कारखान्यात अजून होत नाही.

ब्रँचचं पुढं बघता येईल, मेटलर्जी, मटेरियल किंवा केमिस्ट्री, काहीही चालेल. पण अकरावीला गणित घेतलं म्हणून बायो सोडू देऊ नका. मी सोडलं होतं, आणि एमटेकला प्रोटीन म्हणजे काय इथपासून वाचावं लागलं.