पार्सल अडकलंय? मग तोवर सांगाडा उभा करा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी जखम ठसठसली. कोपरखैरण्यात राहता, मंगळावरच्या सहा चाकांच्या मालवाहू ट्रकचं मॉडेल 1:72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यात, स्वतः बनवताय, सनबोर्डचा ढाचा तयार आहे, पण जुन्या प्लास्टिक मॉडेल-किटांच्या उरलेल्या भागांचा डबा परदेशातून येताना कस्टम्सच्या 'होल्ड'वर गेलाय आणि तोवर काम बंद. शिवाय फेव्हिक्विकने पांढरे डाग पडताहेत आणि काही भाग चिकटून दुसऱ्या दिवशी गळून पडताहेत. कापणं, घासणं, सांधे जुळवणं यावर काही सांगत नाही. तुमच्या फोटोतल्या कडा बघता ते तुम्हाला येतंय.

आधी पार्सल. माझाही असाच डबा होता. परदेशातल्या एका हौशी माणसाने रणगाड्यांच्या आणि ट्रकांच्या किटांचे उरलेले स्प्रू (भाग ज्यांना जडलेले येतात त्या प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटी) एका खोक्यात भरून स्वस्तात विकले होते. मूळ बॉक्स नाहीत, कंपनीचं बिल नाही, नुसती हाताने लिहिलेली पावती. ते ज्या कार्यालयात अडकलं त्याचं नाव घेत नाही. पहिलं पत्र हातात पडलं तेव्हा उत्तर द्यायची मुदत संपत आली होती. 'वस्तूचे संपूर्ण वर्णन व मूल्य सादर करावे.' केलं सादर. मग ओळखपत्र हवं. ते दिलं, तर पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा. तो दिला, तर प्रत्येक नगाची वेगळी किंमत. अहो, एका स्प्रूवर चाळीस-पन्नास तुकडे असतात. रणगाड्याच्या पट्ट्यातल्या एका कडीची किंमत कोणी काय लिहायची? आणि या चारही गोष्टी पहिल्याच पत्रात लिहायला काय हरकत होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

काउंटरवरच्या साहेबांनी शेवटी खोकं उघडलं. एक स्प्रू काढून ट्यूबलाइटसमोर धरला. अर्धे भाग आधीच कापून नेलेले, नुसत्या काड्या आणि मध्येच एखादं चाक. म्हणाले, "हे तर मोडलेलं खेळणं आहे. मोडलेलं कशाला मागवता?" मी म्हटलं, खेळणं नाही, सुटे भाग आहेत. "मग गाडी कुठंय?" म्हटलं, गाडी अजून बनायचीय. "मग बनली की या," म्हणाले, आणि पुढचा टोकन नंबर पुकारला.

आज हसू येतं, त्या दिवशी आलं नव्हतं. खोकं काही आठवडे तिथेच पडून राहिलं, साठवणुकीचं भाडं चढत गेलं, आणि एके दिवशी ट्रॅकिंगवर कळलं की माल पाठवणाऱ्याकडे परत गेला. कोणी फोन केला नाही, की पत्र पाठवलं नाही. पैशाचं एक वेळ सोडा. माझ्या गाडीची सगळी मापं त्या खोक्यातल्या चाकांवर बेतलेली होती. चाकं नाहीत म्हणून अ‍ॅक्सल नाहीत, अ‍ॅक्सल नाहीत म्हणून चासीची उंची ठरेना, आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर म्हणजे स्प्रे पेंटिंगला जवळपास सुट्टीच. एक अख्खं वर्ष त्यात गेलं. उरणला, आपल्या अंगणातच म्हणा, न्हावा शेव्याला बोटीच्या बोटी प्लास्टिक उतरतं आणि माझ्या बुटाच्या खोक्याएवढ्या डब्यावरून देशाची तिजोरी धोक्यात येते! असो.

यामागचं कारण मात्र समजून घ्या, म्हणजे काउंटरवर वाद घालताना घसा सुकणार नाही. कस्टम्सच्या टॅरिफमध्ये, म्हणजे आयात करांच्या यादीत, खेळणी आणि स्केल मॉडेलं एकाच 9503 या शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरची मूळ ड्यूटी 2020 च्या बजेटमध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 मध्ये 70 वर. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का सक्तीचा झाला. देशी खेळणी टिकावीत हा हेतू चांगलाच आहे. पण त्याच जाळ्यात चाळिशी उलटलेले, चष्मा कपाळावर चढवून बसणारे आपल्यासारखे लोकही सापडतात. तेव्हा उत्तर देताना 'प्रौढांच्या छंदासाठी स्केल मॉडेलचे सुटे भाग, 14 वर्षांखालील मुलांसाठी नाहीत' हे ठळक लिहा. सोबत ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट, कार्डाचं स्टेटमेंट, ओळखपत्र, सगळं एकदमच द्या. त्यांनी मागायची वाट बघू नका. ईमेल करा आणि छापील प्रतही द्या, आणि प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी कस्टम्सचा एजंट नाही, वकील तर नाहीच. दर आणि नियम दर बजेटला हलतात, तेव्हा भरण्याआधी आजचा आकडा बघून घ्या. आणि ड्यूटी पार्सलच्या किमतीहून जास्त होत असेल तर सरळ पाणी सोडा, हे माझं वैयक्तिक मत.

आता मुद्द्याचं. त्या डब्याशिवाय तुमचं काहीही अडत नाही. किटबॅशिंगवाले, म्हणजे वेगवेगळ्या किटांचे तुकडे जोडून नवं मॉडेल करणारे, उठल्यासुटल्या 1977 च्या 'स्टार वॉर्स'चा दाखला देतात, की बघा, रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटांचे तुकडे चिकटवून केवढी यानं बनवली. बनवली, खरंय. पण त्या तुकड्यांखाली आधी धड आकार होता. लोक तुकडे जमवत बसतात आणि आकाराचं नंतर बघू म्हणतात, तिथे गाडी फसते.

तुमचे भाग का गळताहेत ते सांगतो. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. किटांचे भाग पॉलिस्टायरीनचे. किटांसाठीचं पातळ सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतं. पीव्हीसीवर ती जादू चालत नाही, वरवर धरल्यासारखं वाटतं आणि सुटतं. उपाय म्हणजे सनबोर्डच्या ढाच्यावर 0.5 मिमीच्या पॉलिस्टायरीन शीटचं कातडं चढवा. ते अ‍ॅरल्डाइटने किंवा काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्हने लावा, आणि मोठा पत्रा असेल तर दोन्ही बाजूंनी, नाहीतर एका बाजूला पोपडा आल्यासारखा वाकतो. मग पुढचं सगळं काम पॉलिस्टायरीनवर पॉलिस्टायरीन. सिमेंटचा ब्रश सांध्यावर नुसता टेकवला की आत ओढलं जातं. चिकटवायला फेव्हिक्विक फक्त धातू, रबर आणि परक्या प्लास्टिकसाठी ठेवा. ते पांढरे डाग त्याच्या वाफेचे असतात, दमट हवेत जास्त येतात. थेंब टूथपिकने लावा, पंखा दुरून चालू ठेवा, आणि खिडकीच्या काचा बसवायच्या आधी ते काम उरका. एक धोक्याचं सांगून ठेवतो: सांडलेलं फेव्हिक्विक कापसाने किंवा सुती फडक्याने टिपू नका. कापसाशी ते चांगलंच तापतं, बोट भाजतं.

भाग कुठून आणायचे? भंगारवाल्याकडून एक बंद पडलेला प्रिंटर आणा. तुर्भ्यात, वागळे इस्टेटमागे, कुठेही मिळेल. उघडला की आतून बऱ्याच भागांवर बारीक अक्षरात प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. 'एबीएस' किंवा 'पीएस' (म्हणजे पॉलिस्टायरीन) दिसलं की ठेवा, सिमेंट चालतं. 'पीओएम' (अ‍ॅसिटल नावाचं निसरडं प्लास्टिक) दिसलं की सावध. नेमकी सगळ्यात देखणी दातेरी चाकं पीओएमची असतात आणि त्याला बापजन्मी काही चिकटत नाही. ती वापरायचीच असतील तर मधोमध भोक पाडून तारेची खिळी मारा. घरातल्या डब्यांवर त्रिकोणात आकडा असतो: 6 असेल तर पॉलिस्टायरीन, घ्या. 5 किंवा 2 असेल तर शाम्पूची बाटली असो की बूच, ना गोंद धरेल ना रंग. जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे आतल्या बाजूला सिमेंटचा एक टिपका द्या आणि नख लावून बघा. चिकट झालं तर चालेल. जुन्या सीडीच्या पारदर्शक डब्या पॉलिस्टायरीनच्याच असतात, तुमच्या केबिनच्या काचा त्यातून निघतील. फक्त फार ठिसूळ, कटरने एकदम कापू नका, चार-पाचदा रेघ ओढून मग मोडा. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले फुगे दिव्यांच्या काचांना झकास.

चाकांसाठी परदेशी किट कशाला? हार्डवेअरच्या दुकानात ओ-रिंग (रबरी कड्या) मिळतात, बारा एकसारख्या घ्या. दोन-दोन चिकटवल्या की रुंद टायर. किंवा टायर नकोच म्हणा. मंगळावर रबर कोण नेणार? 1971 साली अपोलो 15 बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीची चाकं तारेच्या जाळीची होती. चहाची जुनी गाळणी कापा, जाळी गोल वळवा, आतून प्लास्टिकची कडी द्या. माझ्या गाडीला शेवटी हीच चाकं लागली आणि लोक पहिल्यांदा तीच बघतात. घरी सांगून गाळणी घ्या.

सहा चाकं आहेत तर सस्पेन्शनही खरं दाखवा. तुमच्या फोटोत सहाही चाकं चासीला सरळ ठोकलेली दिसतात. तो मंगळावरचा ट्रक न वाटता कळंबोलीच्या स्टील मार्केटातला ट्रेलर वाटतो. रॉकर-बोगी बघा. मंगळावरच्या 1997 च्या सोजर्नर गाडीपासून ते 2023 मध्ये चंद्रावर उतरलेल्या आपल्या प्रज्ञानपर्यंत अनेकांना तीच आहे. प्रत्येक बाजूला एक मोठा हात, त्याच्या एका टोकाला एक चाक आणि दुसऱ्या टोकाला दोन चाकांचा झोका. स्प्रिंग नाही. दोन्ही बाजू डिफरन्शियलने (एक वर गेली की दुसरी खाली नेणाऱ्या जोडाने) जोडलेल्या, म्हणून चाक दगडावर चढलं तरी वरचं धड निम्मंच कलतं. सनबोर्डच्या काही पट्ट्या आणि थोडे नटबोल्ट एवढ्यात हे जमतं आणि खरंच हलतं.

स्केलबद्दल एकच तक्रार. फोटोत पट्टीशेजारी तुमचा दरवाजा 40 मिमी दिसतोय. 1:72 मध्ये म्हणजे जवळजवळ 2.9 मीटर. दोन मीटरचा दरवाजा 28 मिमीचा हवा. शिडीच्या पायऱ्या 30 सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण 4 मिमी. कठडा 15 मिमी. बघणारा माणूस दरवाजा, शिडी आणि कठडा या तीनच गोष्टींवरून गाडी केवढी ते ठरवतो, बाकी हजार तुकडे लावा. तुकड्यांचंही तेच. प्रत्येक तुकडा लावताना स्वतःला विचारा, हा इथे काय करतो? पंप आहे? मग पाइप कुठून येतो, कुठे जातो? एका जागी गर्दी करा आणि शेजारी मोठा सपाट पत्रा मोकळा सोडा. सगळीकडे सारखं शिंपडलं की नुसती खरूज दिसते. आणि सर्किट बोर्डचे तुकडे कृपा करून लावू नका, दहा फुटांवरून ओळखू येतात.

रंगाआधी सगळ्यावर राखाडी प्रायमर, म्हणजे सात रंगांचं प्लास्टिक एक होतं आणि राहिलेल्या फटी दिसतात. त्या टाल्कम पावडरीत फेव्हिक्विक कालवून भरा, लगेच घासता येतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा मोटारींचा रंग वापरणार असाल तर दुरून, हलके, वाळवून वाळवून थर द्या. ओला थर बसला की पॉलिस्टायरीनला सुरकुत्या पडतात आणि बारीक तपशील विरघळतो. पावसाळ्यात तो पांढरटही पडतो. सध्या अ‍ॅक्रिलिक आणि ब्रश बरा.

सोसायटीच्या गच्चीवर स्प्रे मारणार असाल तर वॉचमनला आधी सांगा, वाळत घातलेल्या चादरींवरून आमच्याकडे सेक्रेटरीपर्यंत प्रकरण गेलं होतं. आणि केबिनची ती पुढची तिरकी खिडकी प्रायमरच्या आधीच कापून घ्या. नंतर कापलीत तर कडेचा रंग टवके उडून निघेल आणि पुन्हा लांबी (पुट्टी) भरत बसाल.