रोजच गुरुवार झाला की काय होतं

येत्या मार्चअखेर तुम्ही निवृत्त होताय, मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली आणि यंदाच्या दिवाळीला घरात तुम्ही दोघंच. अशा दिवसांत मन प्रसन्न कसं ठेवावं आणि सकाळी उठायला काही हेतू कसा शोधावा, असा तुमचा प्रश्न आहे. याच रांगेत मी तुमच्या दोन-अडीच वर्षं पुढे उभा आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो. सुविचार पाठ नाहीत. जे झालं ते सांगतो.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात, मी ३४ वर्षं काढली. राहायला कोथरूडला. पहाटे ५:५० ला कर्वे पुतळ्यापाशी कंपनीची बस यायची. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. पुण्याबाहेरच्या माणसाला याची गंमत वाटते, पण भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात गुरुवार हाच कित्येकांचा रविवार. वीजवाल्यांची दुरुस्तीची कामंही गुरुवारीच निघतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी हमखास लाइट नाही. मुलाच्या शाळेला सुट्टी रविवारी, मला गुरुवारी. त्याचं सगळं लहानपण आम्ही दोघं एकमेकांना झोपलेलं बघण्यात गेलं.

म्हणून आमच्या घरी दिवाळीला भाव होता. ती रजा पदरात पाडायला मी महिनाभर आधीपासून सुपरवायझरच्या मागे लागायचो, दुसऱ्याच्या दोन पाळ्या ओढायचो, आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बोनसचं पाकीट आणि मिठाईचा डबा घेऊन बसमधून उतरलो की पुढचे चार दिवस राजा. पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, पायाखाली चिराटं फोडायचं, नंतर आडवं पडून दिवाळी अंक. कंटाळा यायच्या आत सुट्टी संपलेली असायची. तिच्यातली मजा तीच होती, पण हे तेव्हा कुठे कळत होतं?

३१ मे २०२३ ला निवृत्त झालो. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्यालाच लोक घड्याळ का देतात, कोण जाणे.

पहिले दोन महिने झकास गेले. वेताळ टेकडी झाली, घरातले गळके नळ झाले, राहिलेली लग्नं-मुंजीही आटोपल्या. मग हात मोकळे झाले आणि मी स्वयंपाकघरात शिरलो. कंपनीत आम्हाला फाइव्ह-एस शिकवलं होतं, प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला चिठ्ठी. मी मिसळणाच्या डब्यापासून सुरुवात केली. मोहरी, जिरं, हळद, सगळ्यांवर लेबलं. बायकोने दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, ही कंपनी नाही. आणि निवृत्त तुम्ही झालात. माझी पाळी अजून चालूच आहे." हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

ऑगस्टच्या १ तारखेला मेट्रो वनाजपासून रुबी हॉलपर्यंत सुरू झाली, तिकडे पिंपरीचा मार्गही सिव्हिल कोर्टापर्यंत येऊन जोडला गेला. सगळं पुणं मेट्रो बघायला लोटलं होतं, मीही गेलो. सिव्हिल कोर्टाला गाडी बदलली, पिंपरीला उतरलो, रिक्षा केली आणि बघतो तर कंपनीच्या गेटसमोर उभा. काही ठरवून गेलो नव्हतो. गेटवर नवा सिक्युरिटीवाला होता. त्याने विचारलं, "कुणाला भेटायचंय?" मला एक नाव सुचेना. माझ्या बरोबरीचे सगळे माझ्याच आगेमागे निवृत्त झाले होते. "काही नाही, असंच," म्हणून परत फिरलो. बायकोला मात्र मेट्रो छान आहे एवढंच सांगितलं.

त्यानंतर पहिली दिवाळी आली. मुलगा जर्मनीत, त्याला रजा नाही. सोसायटीतली पोरं खाली किल्ला करत होती, म्हणून मी आलेखाच्या कागदावर राजगडाचा नकाशाच काढून घेऊन गेलो. संजीवनी माची कुठे, पद्मावती कुठे, उंचीचं प्रमाण किती, सगळं. त्यातला एक दहा वर्षांचा मावळा म्हणाला, "काका, तुम्ही फक्त माती आणा." आणली. दोन पोती. अळीवही पेरले, बऱ्यापैकी हिरवंगार झालं. पण रागही आला होता, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी १२ नोव्हेंबरच्या रविवारी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं आणि पाडवा थेट मंगळवारी, १४ ला. मधला सोमवार भाकड. मुलाला अभ्यंगस्नानाचा व्हिडिओ कॉल लावला, तर आपल्याकडे पहाटेचे पाच आणि त्याच्याकडे रात्रीचे साडेबारा. बिचारा जांभया देत "शुभ दीपावली" म्हणाला. रविवार असा निभला. सोमवारी पहाटे साडेचारला जाग आली. आंघोळ केली, शर्ट-पँट घातली आणि ५:५० ला गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. खाली कालच्या फटाक्यांचा कचरा पडला होता. करायला काही नव्हतं, दुसऱ्या दिवशीही नव्हतं, आणि दोन दिवसांनी दिवाळी संपली तरी नसणारच होतं. मला दिवाळी गोड लागत नव्हती याचं कारण मुलगा नव्हता हे नव्हे. मुलगा आधीची तीन वर्षंही नव्हता. रोजच गुरुवार झाला होता, म्हणून सुट्टीला चव राहिली नव्हती.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. टपाल खात्यातून निवृत्त, वय तेव्हा ८१. म्हणाल्या, "रिकामाच आहेस ना? चल जरा बँकेत." रिकामा हा शब्द लागला, पण गेलो. सरकारी पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. रांग जिन्यापर्यंत. काकू कठड्याला धरून उभ्या आणि वर मलाच सांगतात, "बाकी अकरा महिने मी आहे की गेले कुणी विचारत नाही, नोव्हेंबरात मात्र पुरावा लागतो." दीड तासाने नंबर आला तर मशीन त्यांच्या अंगठ्याचा ठसाच घेईना. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात. दिवाळी झाल्यावर या, असं सांगून आम्हाला परत पाठवलं.

मला टूलरूममध्ये यायचा तसला राग आला. म्हणजे हातातला जॉब, घडवायचा भाग, बिघडल्यावर येतो तसला. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं की जीवन प्रमाण नावाची सरकारी सोय २०१४ पासून आहे आणि आता बोटाऐवजी चेहरा दाखवूनही दाखला निघतो. एक जीवन प्रमाणचं ॲप, एक आधारचं चेहरा ओळखणारं ॲप, आधार क्रमांक, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक आणि बँकेचं खातं, इतकंच लागतं. इतकंच म्हणतोय खरा, पण त्या संध्याकाळी मला नऊ वाजले. चष्म्यावर ट्यूबलाइट चमकत होती, मागे देवघरातली समई चमकत होती, ॲप सांगायचं डोळे मिचकवा आणि काकू डोळे मिटूनच घ्यायच्या. शेवटी त्यांना पांढऱ्या भिंतीपुढे बसवलं, चष्मा काढला, दिवा समोरून घेतला. पुढच्या फटक्यात काम झालं, मोबाइलवर प्रमाण क्रमांक आला. काकूंनी तो कागदावर उतरवून देवापुढे ठेवला आणि मला अनारसा दिला. पाडव्याच्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या दोघी आल्या. महिनाअखेर अकरा दाखले झाले होते.

आज माझ्याकडे नोंदवही आहे. नाव, पेन्शन कुठून येते, दाखला कधी दिला, पुढचा कधी. २०२४ मध्ये ४३ जण झाले. बँकेतून निवृत्त झालेले आणि सरकारी पेन्शनर नोव्हेंबरात येतात. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, हे काकूंनाही ठाऊक नव्हतं, त्या उगाच रांगेत तिष्ठल्या. आमच्यासारख्या ईपीएसवाल्यांचा, म्हणजे पीएफ खात्याकडून पेन्शन घेणाऱ्यांचा, दाखला वर्षात कधीही चालतो आणि दिल्यापासून १२ महिने टिकतो. त्यामुळे त्यांना मी मुद्दाम फेब्रुवारीत, जूनमध्ये बोलावतो, म्हणजे काम वर्षभर सारखं पसरतं. कारखान्यात याला लाइन बॅलन्सिंग म्हणतात, सवय जात नाही. एकाचं आधारवरचं नाव आणि पेन्शनच्या कागदावरचं नाव जुळत नाही, दुसऱ्याचा मोबाइल नंबर मेलेल्या भावाच्या नावावर, तिसरे अंथरुणावरून उठत नाहीत म्हणून त्यांच्या घरी जायचं. बुधवारी आधारच्या दुरुस्तीला कुणाला तरी घेऊन जातो. पैसे घेत नाही. अनारसे घेतो.

आणि गुरुवारी बंद. नोंदवहीवर लिहूनच ठेवलंय. सोसायटीतल्यांना गंमत वाटते, पण मी ठाम आहे. गुरुवारी फोन आला तर "उद्या या" सांगतो. गुरुवार हा घरातल्या पाळीचाही सुट्टीचा दिवस केला, दोन्ही वेळचं मी बघतो. बहुतेक वेळा खिचडीच असते. बायको नावं ठेवत खाते, पण गुरुवारी संध्याकाळी ती तिच्या मैत्रिणींबरोबर भरत नाट्य मंदिरात नाटकाला नाहीतर नुसतीच लक्ष्मी रोडला जाते, तेही दोन-अडीच वर्षांपूर्वी नव्हतं. तुमच्या घरी दोघंच आहात म्हणालात. तुमच्या निवृत्तीचा बेत आखताना त्यांची पाळी कधी संपते हेही एकदा विचारून बघा. मी फार उशिरा विचारलं.

तुम्ही हेतू हा शब्द वापरलाय. मला तो जरा मोठा वाटतो. मार्चच्या आधी एखादं असं काम हेरून ठेवा की जिथे तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी फोन करून "आज का नाही आलात?" विचारेल. हास्य क्लबात मी तीन आठवडे गेलो आणि जायचा थांबलो, कुणी विचारलं नाही. क्लब वाईट नव्हता. पन्नास माणसं हसत असताना एक्कावन्नावा आला काय, गेला काय. माझा एक मित्र वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवतो, दुसरा शाळेच्या रस्त्यावर मुलांना रस्ता ओलांडून देतो. दोघांनाही दांडी मारायची तर आधी सांगावं लागतं. काम निवृत्तीनंतर शोधू म्हणू नका, तेव्हा माणूस मिसळणाच्या डब्याला लेबलं लावत बसतो. बदल झाला की माणूस पहिले काही महिने जुन्याच वेळापत्रकावर चालतो आणि वाटतं की सगळं ठीक आहे. ऑगस्टमध्ये कळतं.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. झोप उडाली, जेवण जाईना, कशातच रस नाही, आणि असं दोन आठवड्यांवर चाललं तर त्याला निवृत्तीचा कंटाळा समजू नका, डॉक्टरांकडे जा. मी डिसेंबरात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. जायला लाज वाटत होती, गेल्यावर वाटली नाही. सरकारची टेली-मानस ही फुकट हेल्पलाइनही आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

मुलीबद्दल म्हणाल तर तिला "तुझ्याशिवाय कसली दिवाळी" हे फोनवर ऐकवू नका. मी ऐकवलं होतं. मुलगा चार दिवस कमी बोलत होता. आता फराळ पंधरा दिवस आधी जातो, चकल्या वाटेत मोडतात, तो चुऱ्याचा फोटो पाठवतो आणि आम्ही हसतो.

२०२४ च्या दिवाळीत वसुबारस २८ ऑक्टोबरला होती. त्या महिन्यात ऐंशीच्या पुढच्यांचे नऊ दाखले झाले होते, दोन अडकलेले होते, नोव्हेंबरची मोठी गर्दी समोर होती. संध्याकाळी नोंदवही कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि बायकोला म्हणालो, "भाऊबीजेपर्यंत सुट्टी." बस पुतळ्यापाशी सोडून गेल्यासारखं वाटलं, मिठाईचा डबा तेवढा नव्हता. त्या वर्षीही मध्ये एक भाकड दिवस आला, ३० तारखेचा बुधवार. मी साडेआठपर्यंत झोपलो होतो. काकूंनी बेल वाजवली तेव्हा बायकोने दारातूनच सांगितलं, "त्यांना सुट्टी आहे."