त्या तड्याला वेल्डिंगची टॉर्च लावू नका

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. गॅरेजमध्ये चार वर्षांपासून आरव्ही-७ए विमान बांधतोय. नेहमीच्या लायकमिंग विमान-इंजिनाऐवजी माझदा मोटारीचं १३बी रोटरी इंजिन घेतल्यामुळे तयार इंजिन माउंट (इंजिन विमानाला धरून ठेवणारा नळ्यांचा सांगाडा) चालेना. शेजारच्या काउंटीतल्या वेल्डरकडून ३,४०० डॉलर आगाऊ देऊन बनवून घेतलं. अजून उड्डाण नाही, पण तीन-चार वेळा टॅक्सी केल्यावर, म्हणजे जमिनीवर चालवल्यावर, नोजव्हीलच्या (पुढच्या चाकाच्या) सॉकेटजवळ, वेल्डच्या कडेला केसाएवढा तडा दिसला. वेल्डर म्हणतो, "एक्सपेरिमेंटल माल आहे, बिलावर 'ॲज इज' (आहे तसं, हमीशिवाय) छापलंय, पैसे परत नाहीत." तडा मीच वेल्ड करून पुढे जाऊ का? एफएएकडे (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाकडे) तक्रार करावी का?

उत्तर : टॉर्च हातात घेतली असेल तर आधी खाली ठेवा. ज्याने रिव्हेट न् रिव्हेट स्वतः मारलाय, त्याला तडा दिसला की हात शिवशिवणारच. पण तो तडाच तुमचा मुख्य साक्षीदार आहे. त्यावर वेल्डचा एक थर चढवलात की समोरचा म्हणेल, "माझं काम चोख होतं, यांनीच हात घालून बिघडवलं." ते खोटं पाडायला मग तुमच्याकडे काहीच उरणार नाही. आरव्ही-७एमध्ये नोजगिअरचा पाय माउंटमध्येच बसतो, म्हणजे जमिनीवरचा प्रत्येक दणका त्याच जोडावर येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

माउंट उतरवण्याआधी जागेवरच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. एक्झॉस्ट पाइप ट्यूबपासून किती अंतरावर आहे तेही फोटोत येऊ द्या. रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा जास्त तापतो, त्यामुळे "उष्णतेनं ट्यूब गेली" हा बचाव येणार म्हणजे येणार. मग तटस्थ तपासनिसाकडून डाय पेनिट्रंट चाचणी (रंगीत द्रव लावून बारीक तडे शोधणारी) करून लेखी अहवाल घ्या. वेल्डरला माउंट येऊन पाहू द्या, नेऊ देऊ नका.

आता त्याच्या दोन शब्दांकडे येऊ. 'एक्सपेरिमेंटल' हा तुमच्या विमानाच्या प्रमाणपत्राचा वर्ग आहे. त्यामुळे माउंटला एफएएची सुट्या भागांची मंजुरी लागत नाही, एवढंच. विक्रीचा व्यवहार टेक्सासच्या बिझनेस अँड कॉमर्स कोडच्या प्रकरण २ खाली येतो, आणि खास बनवून घेतलेली वस्तूही तिथे 'माल'च धरली जाते.

'ॲज इज'चं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ते शब्द सौदा ठरताना तुमच्यासमोर असते, तर मी आज वेगळं उत्तर दिलं असतं. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून दिसतं ते असं : ईमेलवर सौदा ठरला, पैसे गेले, सहा आठवड्यांनी खोकं आलं आणि खोक्यात बिल होतं. सौदा झाल्यावर एका बाजूने घुसवलेली अट तुमच्यासारख्या व्यापारी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत केवळ प्रस्ताव असते (कलम २.२०७), तुम्ही मान्य केली तरच लागू होते.

त्याच्या ईमेलमधलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : "१३बी आणि २.८५ चा रिडक्शन ड्राइव्ह धरून, तुमच्या फायरवॉलला आणि नोजगिअरला बसेल असं बनवतो." ही स्पष्ट हमी झाली (कलम २.३१३), आणि 'ॲज इज' छापून ती सहसा पुसता येत नाही. पण तो 'बसेल' म्हणाला, 'टिकेल' म्हणाला नाही. टिकण्यासाठी आपल्याला कायद्याने गृहीत धरलेल्या हमींवर, म्हणजे कलम २.३१४ (माल नेहमीच्या वापराला लायक असणं) आणि २.३१५ (विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून घेतलेला माल सांगितलेल्या कामाला लायक असणं) यांवर जावं लागेल. त्या 'ॲज इज'ने उडू शकतात. म्हणून ते बिल कधी हातात आलं, यावर एवढा खल.

तुमची दुखरी बाजूही सांगतो. इंजिनाचं वजन तुम्ही कळवलं होतं. त्यात रेडिएटर, ऑइल कूलर आणि पाणी धरलं होतं का? नसेल, तर "मी त्याच्या कौशल्यावर विसंबलो" हे म्हणणं लंगडं पडतं आणि २.३१५ जवळजवळ हातचं जातं.

लेखी नोटीस या आठवड्यातच द्या. दोष कळल्यावर वाजवी वेळेत विक्रेत्याला कळवलं नाही तर सगळेच उपाय बाद होतात (कलम २.६०७), आणि फोनवरचं भांडण सिद्ध करत बसावं लागतं. सर्टिफाइड मेल आणि ईमेल, दोन्ही करा. "मी माउंटची स्वीकृती मागे घेत आहे" असं स्वच्छ लिहा (कलम २.६०८). पैसे मिळेपर्यंत ते ताब्यात ठेवण्याचा हक्क कलम २.७११ देतं. टेक्सासच्या ग्राहक कायद्याखालीही मागणी करायची असेल तर दाव्याच्या ६० दिवस आधी नोटीस लागते. एकाच पत्रात दोन्ही बसवू.

रक्कम लहान आहे, जस्टिस कोर्टात (लहान दाव्यांच्या न्यायालयात) २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात. माउंटची किंमत, चाचणीचा खर्च आणि दुसरं माउंट महाग पडलं तर वरचा फरक मागा. इंजिन उतरवण्यात गेलेल्या तुमच्या शनिवार-रविवारांचे पैसे मिळतील असं धरून चालू नका.

एफएएकडे जाऊन तुमचे पैसे सुटणार नाहीत. तो त्यांचा प्रांतच नव्हे.

नोटिशीचा मसुदा मी करतो. त्याआधी वजन कळवलेला तो ईमेल शोधून पाठवा, आकडा चुकला असला तरी.