धबधबा चढणारा मासा

प्रश्न : हवाई बेटांवरील अकाका धबधब्याच्या माथ्यावरील ओढ्यात छोटे गोबी मासे राहतात आणि ते कडा चढून तेथे पोचतात, असे वाचनात आले. हे खरे आहे का? हिलशाप्रमाणे ते अंडी घालण्यासाठी वर जातात का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हे खरे आहे, मात्र ते अंडी घालण्यासाठी वर जात नाहीत. हिलसा मोठा झाल्यावर समुद्रातून नदीत शिरतो, तर लेंटिपेस कॉन्कलर हा गोबी लहानपणीच, जेमतेम बोटाच्या पेराएवढा असताना, वर चढतो आणि उरलेले आयुष्य गोड्या पाण्यातच काढतो. स्थानिक लोक त्याला 'ओओपू आलामोओ' म्हणतात. पूर्ण वाढलेला मासाही वीतभर भरत नाही आणि अकाकाचा कडा तर सुमारे १३५ मीटर उंच आहे.

गोबीच्या पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची एक वाटी झालेली असते. आपल्याकडील नद्या-तलावांत मिळणारा ग्लॉसोगोबियस ज्युरिस उलटा धरून पाहिला, तरी ही वाटी सहज दिसते. तो अर्थात कडे चढत नाही. आलामोओचे पिल्लू या वाटीने ओल्या खडकाला घट्ट चिकटते, अंगाला झटके देत थोडे वर सरकते, पुन्हा चिकटते आणि दम घेते. त्याचा भाऊबंद 'नोपिली' तर तोंड आणि वाटी आळीपाळीने टेकवत, इंचाइंचाने चढतो. चढण्याचा लाभ असा की, ओढ्याच्या खालच्या भागात दबा धरून बसणारा 'आकुपा' हा शिकारी मासा धबधब्यावर येऊ शकत नाही.

मादी दगडाच्या आडोशाला अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. अंड्यांतून निघालेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले प्रवाहाबरोबर धबधब्यावरून खाली जातात. काही दिवसांत खारे पाणी मिळाले नाही, तर ती मरतात. समुद्रात काही महिने वाढून ती ओढ्यांकडे परततात, पण आपल्या जन्माच्याच ओढ्यात येतील असे नाही. म्हणूनच केवळ माथ्यावरचे डोह सांभाळून या माशाचे रक्षण होत नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. उसाच्या मळ्यांसाठी हवाईतील माउई या बेटाच्या पूर्व भागातील ओढ्यांचे पाणी शंभराहून अधिक वर्षे कालव्यांत वळवले गेले. पात्र मध्येच कोरडे पडले की पिल्लांची खाली जाण्याची आणि परतण्याची, दोन्ही वाटा बंद होतात. तेथील शेवटचा साखर कारखाना २०१६ साली बंद झाला आणि २०१८ साली राज्याच्या जल आयोगाने त्यांपैकी अनेक ओढ्यांत पाणी पुन्हा वाहू देण्याचा आदेश दिला.