खेळवेड्या आजोबांवर पुस्तिका काढायची आहे, काय लिहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा ९१व्या वर्षी गेले. जन्मभर घरचं दुकान सांभाळलं, पण मैदान सुटलं नाही. वर्षश्राद्धाला घरातल्यांपुरती पुस्तिका काढायची आहे आणि 'कष्टाळू, मनमिळाऊ, क्रीडाप्रेमी' एवढं लिहून झालं की गाडी अडते.

अडणारच. आमचा पुण्याच्या नारायण पेठेत छापखाना आहे, मी त्यातली तिसरी पिढी. अशा स्मरणिका आम्ही वर्षानुवर्षं छापतोय. फोटो आणि नाव बदललं तर एकाची पुस्तिका दुसऱ्याला चालून जाईल. त्यातला प्रत्येक माणूस अजातशत्रू असतो. जन्मभर उधारी वसूल करणारा दुकानदार अजातशत्रू कसा राहिला, हे काही त्यात लिहिलेलं नसतं.

आमचे थोरले काका ९२व्या वर्षी गेले तेव्हा आमच्या घरातही सगळे असेच पेन चावत बसले होते. शेवटी मी गुणवर्णन बाजूला ठेवलं आणि सामने लिहायला घेतले. तुम्हीही तेच करा. घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना तारीख नसते, 'त्या वर्षी', 'धाकटीच्या बारशाच्या सुमारास' असंच असतं. सामन्याची तारीख मात्र कुठे ना कुठे छापलेली असते. तेव्हा वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे सामना, उजवीकडे त्या दिवशी दुकानात काय चाललं होतं ते. या दोन्हींची जिथे ओढाताण झाली असेल, तिथे तुमचे आजोबा सापडतील.

उदाहरण देतो. काकांनी भाऊसाहेब निंबाळकरांच्या ४४३ धावा पाहिल्या, ही आमच्या घरातली दंतकथा. सामना खरा: डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६, त्यात कमल भांडारकरांच्या २०५. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विश्वविक्रमी ४५२ना गाठायला निंबाळकरांना ९ धावा हव्या होत्या आणि काठेवाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला. काका तेव्हा सतरा वर्षांचे. पण डिसेंबर म्हणजे छापखान्यात कॅलेंडरं आणि डायऱ्यांची झुंबड. माझे आजोबा त्या दिवसांत पोराला मॅच बघायला सोडतील, हे मला पटेना. वडिलांना खोदून विचारलं तेव्हा कळलं की काकांना कॅम्पात एका गिऱ्हाइकाकडे बिलबुकं पोचवायला पाठवलं होतं आणि ते परस्पर मैदानाकडे वळले. एकच दिवस. बिलबुकांचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेला, तो सोडून आत जायचा धीर होईना, म्हणून सायकलचं हँडल धरून दिवे लागायच्या वेळेपर्यंत बाहेरूनच बघत राहिले. ४४३ पैकी किती दिसल्या देव जाणे. बिलबुकं दुसऱ्या दिवशी पोचली, आणि मग घरी जे व्हायचं ते झालं.

मला ही खरी गोष्ट दंतकथेपेक्षा जास्त आवडली.

१९६१च्या आधीचं कागदी असं आमच्याकडे काही नाही. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि छापखान्यात पाणी शिरलं. रोजमेळ, हजेरीच्या वह्या, पेपरची कात्रणं, कागदाचा साठा, सगळ्याचा लगदा. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, तेवढे राहिले, कारण ते शिसं, अँटिमनी आणि कथलाचे. ते ठेवायच्या लाकडी केसच्या खणाखणांत गाळ बसलेला. अक्षरं एकेक करून रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा खणांत लावायची, अनुस्वार अनुस्वारांच्या जागी, वेलांट्या वेलांट्यांच्या जागी. ते काम काकांनी आणि दोन जुळाऱ्यांनी, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांनी, केलं. काका स्वतः खो-खो खेळत आणि हाताखाली पोरं तयार करत, पण त्या वर्षी मैदानावर फिरकलेही नाहीत. तुमच्या आजोबांचंही असं एखादं बिनखेळाचं वर्ष असेलच. ते अवश्य शोधा.

खो-खोचं निघालंच आहे तर सांगतो. या खेळाचे नियम १९१४ साली डेक्कन जिमखान्यानं बांधले, हे काका भेटेल त्याला ऐकवत, जणू बैठकीला स्वतः हजर होते. पेठेतल्या स्पर्धांचे गुणपत्रक ते फुकट छापून देत. मिनिटं-सेकंदांचे रकाने त्यांनी स्वतः आखून घेतले होते. कागद विकतचा नसे, लग्नपत्रिकांच्या कामातून उरलेल्या कातरणीचा. त्यामुळे काही गुणपत्रकं फिकट गुलाबी आहेत आणि एकाच्या कोपऱ्यात अर्धा गणपतीही आलाय. त्यातलं एक आम्ही पुस्तिकेत जसंच्या तसं छापलं. 'दानशूर' हा शब्द लिहायचं त्यामुळे टळलं, आणि तो खराही नव्हता. धंद्याचा कागद काकांनी कधी कुणाला फुकट दिला नाही.

पुढच्या काळातल्या हजेरीच्या वह्या मिळाल्या तर सोडू नका. ५ डिसेंबर १९८४ला पुण्यात पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला, नेहरू स्टेडियमवर इंग्लंडशी. आमच्या वहीत त्या दिवशी तीन खाडे आहेत: काका, एक मशीनमन आणि बाइंडर. तिघांपुढे काकांच्या अक्षरात एकच शब्द, 'मॅच'. पगाराच्या रकान्यात मात्र बाइंडर आणि मशीनमनचा दिवस भरलाय आणि स्वतःचा कापलाय. मालकानं स्वतःचा खाडा मांडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. मोठेपणा वगैरे काही नाही, भावाभावांत हिशेबावरून वाद नको म्हणून. हे स्पष्टीकरणही पुस्तिकेत घाला, नाहीतर पुन्हा संतचरित्र होतं.

आता सगळ्यात मोठी भानगड. २९ फेब्रुवारी १९९६, विश्वचषक, त्याच नेहरू स्टेडियमवर केनियानं वेस्ट इंडिजला हरवलं. केनिया १६६, वेस्ट इंडिज सर्वबाद ९३. काका हा सामना असा रंगवून सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे सीमारेषेवरच बसले होते. चष्मेवाला यष्टिरक्षक, लाराचा झेल, सगळं हातवाऱ्यांसकट. ते गेल्यावर भेटायला आलेले एक जुने गिऱ्हाईक सहज म्हणाले, "माझ्या मुलीच्या पत्रिका त्या दिवशी स्वतः घेऊन आले होते. लारा आउट झाला तेव्हा गठ्ठे हातात घेऊन आमच्या टीव्हीपुढे उभे होते." म्हणजे केनिया १६६वर आटोपल्यावर 'आता काय राहिलंय' म्हणून उठले आणि पत्रिका पोचवायला निघाले. १९४८ला माल थांबला होता, १९९६ला मॅच.

काकू म्हणाल्या, हे छापू नका, लोक हसतील. आम्ही छापलं. लोक हसले, आणि काकूंनी स्वतःच जास्तीच्या प्रती मागून घेतल्या.

खेळातल्या वादांवर आजोबांचं मत काय होतं, तेही विचारून घ्या. १९७४ला डेव्हिस कपमध्ये आपण पुण्यातच सोव्हिएत संघाला ३-१ हरवून अंतिम फेरीत गेलो आणि वर्णद्वेषी धोरणामुळे दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला. टेनिसमधलं काकांना ओ की ठो कळत नसे, पण यावर ते आणि माझे वडील दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. कोण कोणत्या बाजूला होतं, ते सांगत नाही, वडील अजून आहेत.

म्हातारपणावर फार पानं घालवू नका. गुडघे, मोतीबिंदू, टीव्हीचा मोठा आवाज, हे सगळ्यांचं सारखंच असतं.

क्रिकेटचे धावफलक नेटवर मिळतात, तारखा तिथून पडताळून घ्या. खो-खो, कबड्डीचं तसं काही नाही. त्यासाठी आजोबांबरोबर खेळलेली हयात मंडळी गाठावी लागतील, आणि हे काम आधी करा, छपाई नंतर होईल. सकाळी दहाच्या सुमारास जा. पुण्यात असाल तर एक ते चार कुणाची बेल वाजवू नका. आठवणी राहिल्या बाजूला, ऐंशी-नव्वदीतली माणसंसुद्धा काय सुनावतात, ते ऐकायला मिळेल.