ऐन उन्हात सोलर बंद का?

प्रश्न : छतावर ३ किलोवॉटचं सोलर बसवलंय. पण भर दुपारी इन्व्हर्टर मध्येच बंद पडतो. पॅनल ठीक आहेत म्हणतात. मग बिघाड कुठे?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : ताई, इन्व्हर्टर बंद पडताना त्याच्या पडद्यावर व्होल्टेज पाहा. २३० ऐवजी २५५-२६० दिसलं, तर दुखणं पॅनलमध्ये नाही, तारेत आहे.

माझी सगळी नोकरी डीपीखाली गेली. वीज तेव्हा एकाच दिशेने जायची. शेवटच्या घरी बल्ब मिणमिणू नये म्हणून आम्ही डीपीचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची कळ, मुद्दाम वर ठेवायचो. आता दुपारी तेच शेवटचं घर वीज उलटी पाठवतं, गल्लीत तर वापर जेमतेम. लांब, बारीक तारेवर व्होल्टेज चढतं आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःच बाजूला होतो. टॅप उतरवा म्हणाल, तर संध्याकाळी शेजारच्या मोटारी नुसत्या घुंऽऽ करत बसतील!

चार दिवस वेळ आणि आकडा लिहून ठेवा, मग शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या. फेजवरचा भार तपासायला सांगा; तार जाड करण्याचीही मागणी करा. स्मार्ट मीटर असेल तर व्होल्टेजची नोंद त्यातही सापडेल. तोवर पाण्याची मोटार आणि वॉशिंग मशीन दुपारी १२ ते २ मध्येच लावा, म्हणजे वीज घरातच खपेल आणि तारेवर कमी जाईल.