पॉवर सप्लाय आत्ता घ्यावा, की कार्डाबरोबर?

प्रश्न : नोकरी लागून वर्ष झालंय. छोट्या केसमध्ये स्वस्तात गेमिंग पीसी जुळवला आहे. प्रोसेसर आय5-12400, पॉवर सप्लाय साध्या कंपनीचा 300 वॅटचा. स्टिकरचा फोटो जोडला आहे. सध्या प्रोसेसरच्या ग्राफिक्सवरच खेळतो. आता आरएक्स 6600 ग्राफिक्स कार्ड आणि 750 वॅटचा गोल्ड दर्जाचा पॉवर सप्लाय हप्त्यांवर घ्यावा का? जवळ दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक आहे.

उत्तर : हप्त्यांवर घेऊ नका, आणि 750 वॅटचा तर मुळीच नको. पण कार्ड घ्याल तेव्हा पॉवर सप्लाय बदलावाच लागेल.

स्टिकरवर ठळक अक्षरात 300 वॅट आहे, पण +12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर लिहिलंय. 16 गुणिले 12 म्हणजे 192 वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज याच लाइनवरून ओढतात. तुमचा प्रोसेसर जोरात चालला की 117 वॅटपर्यंत जातो, कार्डाला 132 लागतात. झाले 249, आणि फॅन अजून धरलेलेच नाहीत. कार्डाला वीज 8 पिनच्या कनेक्टरमधून मिळते. कुणी साटा प्लगपासून (हार्ड डिस्कला वीज देणारा प्लग) असं 8 पिनचं कनेक्टर करून देतो म्हणालं, तर कृपा करून ऐकू नका. साटाच्या प्लगला 12 व्होल्टवर 54 वॅटच झेपतात, 8 पिनचं कनेक्टर 150 वॅटसाठी असतं. असले अडॅप्टर वितळतात. थोडे पैसे वाचवायला जाऊन सगळा पीसी पणाला लागेल.

मग किती वॅटचा? या कार्डासाठी एएमडी 450 वॅट सुचवते, तुमच्या बेरजेलाही तेवढे पुरतात. गोल्डमुळे वीज वाचते, हे खरं. पण किती? 80 प्लस ही पॉवर सप्लायला कार्यक्षमतेनुसार ब्रॉन्झ, गोल्ड असे दर्जे देणारी योजना. तिच्या 115 व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडला ब्रॉन्झची कार्यक्षमता किमान 85 टक्के, गोल्डची 90. खेळताना पीसी 225 वॅट घेतो असं धरलं, तर फरक 15 वॅटच्या आसपास. रोज 3 तास खेळलात तर वर्षाला जेमतेम 16 युनिट. एवढ्यात जादा मोजलेली किंमत निघायला फार वर्षं लागतील, त्यावर हप्त्याचं व्याज वेगळंच. चांगल्या कंपनीचा, लांब वॉरंटीचा 450 वॅटचा ब्रॉन्झ घ्या. जादा पैसे मोजायचेच असतील तर वॅटसाठी नको, वॉरंटीच्या वर्षांसाठी मोजा.

आता तुमच्या शिल्लकेबद्दल, कारण मला खरी काळजी तिची वाटते. नोकरीत खंड पडला तर दोन महिने हा फार थोडा अवधी आहे. तिला हात लावू नका. जो हप्ता भरायची तयारी आहे, तीच रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका आणि दोन्ही वस्तू एकदम, रोखीने घ्या. पॉवर सप्लाय आधी घेऊन ठेवण्यातही फायदा नाही. वॉरंटी खरेदीच्या दिवसापासून मोजली जाते, आणि कार्डाशिवाय जुना सप्लाय 192 च्या आत आरामात चालतोय. मात्र पीसी मधेच बंद पडू लागला किंवा जळका वास आला, तर वाट न पाहता तो लगेच बदला.

घेताना साइझ एसएफएक्सच (छोट्या केससाठीचा) आहे ना, हे तपासा : 125 बाय 100 बाय 63.5 मिलिमीटर. नेहमीचा मोठा एटीएक्स तुमच्या केसमध्ये बसणार नाही. आणि केबल नव्या सप्लायबरोबर आलेल्याच वापरा. मॉड्युलर (केबल सुट्या करता येणाऱ्या) सप्लायच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते. दुसऱ्याची केबल बसली तरी पार्ट जळू शकतात.